नसबंदीनंतर कुत्र्याच्या टाक्यांची काळजी: पहिल्या रात्रीपासून टाके निघेपर्यंत

नसबंदीचं ऑपरेशन बहुतेक वेळा तासाभरात आटोपतं. पुढचे दहा ते चौदा दिवस जखम सांभाळायचं काम मात्र घरच्यांचं असतं. पहिल्यांदाच कुत्रा पाळलेली माणसं या दिवसांत दोनपैकी एका टोकाला जातात. काहींच्या पोटात प्रत्येक लालसर ठिपका बघून गोळा येतो. काही जण तिसऱ्या दिवशी कुत्रा शेपूट हलवत उड्या मारायला लागला की "झाला बरा" म्हणतात आणि सगळी बंधनं सैल करतात. यातलं दुसरं टोक जास्त धोक्याचं आहे.

कुत्र्याला बरं वाटायला लागणं आणि जखम भरणं या गोष्टी एकाच वेळी होत नाहीत. भुलीची गुंगी साधारण एका दिवसात उतरते. वेदनाशामक चालू असल्यामुळे दोन-तीन दिवसांत त्याला फारसं दुखतही नाही. जखमेच्या कडा एक-दोन दिवसांत वरवर चिकटलेल्या दिसतात, पण पहिले तीन ते पाच दिवस तिला स्वतःची अशी ताकद जवळजवळ नसते. सगळा ताण टाक्यांच्या दोऱ्यावर असतो. त्यानंतर शरीर कोलॅजन नावाचे तंतू विणायला लागतं आणि दहा ते चौदा दिवसांत कातडी टाके काढता येतील इतकी जुळते. पोटाच्या भिंतीला पूर्वीसारखं बळ यायला त्याहून कितीतरी आठवडे जास्त लागतात. म्हणून तिसऱ्या दिवसापासून साधारण दहाव्या दिवसापर्यंतचा काळ सगळ्यात सांभाळायचा. तेव्हा कुत्रा मजेत असतो आणि टाके नाजूक असतात.

आपल्या कुत्र्याची जखम नेमकी कुठे आहे

नर कुत्र्यात चीर सहसा अंडकोषाच्या पिशवीच्या किंचित पुढे असते आणि लहान, दोन ते चार सेंटिमीटरची असते. त्याच एका चिरेतून दोन्ही अंडकोष काढतात आणि पिशवी तशीच ठेवतात. त्यामुळे घरी आल्यावर अनेकांना शंका येते की काही काढलंच नाही की काय. पिशवी रिकामीच असते. पहिल्या काही दिवसांत सुजेमुळे ती भरल्यासारखी दिसते, मग आठवड्यागणिक आक्रसत जाते. वयस्क किंवा मोठ्या चणीच्या कुत्र्यात थोडी सैल कातडी कायम राहते. काही डॉक्टर थेट पिशवीवरच चीर देतात, तेव्हा तिथे पहिल्या दिवशी थोडं जास्त ओलसर दिसू शकतं.

एखाद्या कुत्र्याचा अंडकोष खाली उतरलेलाच नसतो, तो जांघेत किंवा पोटात अडकलेला असतो. तसं असेल तर चिरा सहसा दोन असतात. पोट उघडावं लागलं असेल तर त्या कुत्र्याची काळजी मादीइतकीच कडक घ्यायची.

मादीचं ऑपरेशन पोटातलं असतं. बीजांडकोश आणि बहुतेक वेळा गर्भाशयही काढतात. चीर बेंबीच्या मागच्या बाजूला, पोटाच्या मध्यरेषेवर असते. काही ठिकाणी कुशीतून चीर देतात, दुर्बिणीने केलं असेल तर दोन-तीन बारीक भोकं असतात. टाके सहसा तीन थरांत घातलेले असतात: पोटाच्या भिंतीला, कातडीखालच्या चरबीच्या थराला आणि कातडीला. आपल्याला दिसतो तो फक्त वरचा थर. उडी मारल्यावर खरा ताण बसतो तो सगळ्यात खालच्या, न दिसणाऱ्या थरावर. मादीला जपायचं ते त्यासाठी.

दवाखान्यातून निघण्याआधी

घाईने कुत्रा गाडीत घालू नका. डॉक्टरांसोबत किंवा मदतनिसासोबत जखम एकदा नीट बघा आणि तिथेच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढचे सगळे दिवस तुलना या फोटोशी करायची असते. इंटरनेटवरच्या जखमांशी केलेली तुलना कामाची नाही.

वर दिसणारे टाके काढायला यायचं आहे की सगळे टाके आत विरघळणारे आहेत, हे विचारून घ्या. वेदनाशामकाचं इंजेक्शन दिलंय का आणि घरचा पहिला डोस नेमका किती वाजता द्यायचा, तेही विचारा. हा प्रश्न बहुतेकांच्या तोंडून राहून जातो, मग कुणी डोस लवकर देतं तर कुणी देतच नाही. रात्री काही झालं तर फोन कुठे करायचा, तो नंबर लिहून घ्या. जखम चाटता येऊ नये म्हणून गळ्यात घालायची शंकूसारखी कॉलर दवाखान्यातच घालून बघा. मापाची नसेल तर तिथल्या तिथे बदलून मिळेल.

पुढच्या पायावर केस काढलेला चौकोन दिसेल, तो सलाइनच्या सुईसाठी असतो. काही डॉक्टर जखमेजवळ हिरव्या शाईची बारीक रेघ गोंदतात. नसबंदी झाल्याची ती कायमची खूण असते, घासून काढायला जाऊ नका.

पहिली रात्र

उचलताना पोटाखाली हात घालायचा नाही. एक हात छातीच्या पुढून आणि दुसरा मागच्या मांड्यांमागून घ्यायचा, म्हणजे पोट मोकळं राहतं. कुत्रा मोठा असेल तर दोन माणसं लागतील.

अंथरूण जमिनीवरच घाला. गुंगीतला कुत्रा सोफ्यावरून किंवा पलंगावरून तोल जाऊन पडतो. भुलीनंतर शरीराचं तापमान सांभाळणं त्याला जड जातं, म्हणून खोली उबदार असावी आणि अंगावर हलकं पांघरूण चालेल. गरम पाण्याची पिशवी थेट अंगाला लावू नका. गुंगीत त्याला चटका कळत नाही.

पाणी थोडं थोडं द्यायचं. पूर्ण शुद्धीवर आल्यावर नेहमीच्या पाव ते अर्धं जेवण द्या. एखादी उलटी झाली किंवा त्या रात्री जेवला नाही, तर घाबरू नका. थरथर, कुंईकुंई आणि भकास नजर ही भुलीच्या औषधांची देणगी असते, सकाळपर्यंत ओसरते. श्वासनळीत नळी घातलेली असल्यामुळे एक-दोन दिवस कोरडा खोकला येऊ शकतो. लघवी त्या संध्याकाळी किंवा सकाळपर्यंत व्हायला हवी. शी मात्र दोन-तीन दिवस झाली नाही तरी चालतं, कारण ऑपरेशनआधी पोट रिकामं ठेवलेलं असतं.

घरातली लहान मुलं आणि इतर प्राणी त्या रात्री त्याच्यापासून लांब ठेवा. एरवी मायाळू असलेला कुत्राही अर्धवट शुद्धीत दचकून चावू शकतो.

आणखी एक गोष्ट नक्की शिकून घ्या, हिरड्या बघणं. वरचा ओठ उचला. निरोगी हिरडी गुलाबी आणि ओलसर असते. बोटाने हलकेच दाबून सोडली की पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. ज्यांच्या हिरड्या काळ्या असतात, त्यांच्या खालच्या पापणीच्या आतला रंग बघा. ऑपरेशननंतर पोटात रक्तस्राव होत असेल तर बाहेरच्या जखमेवर थेंबही दिसणार नाही, पण हिरड्या फिक्या पडतील. हे तपासायला अर्धा मिनिट लागत नाही. पहिल्या रात्री दर दोन-तीन तासांनी बघा. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच त्याच्या हिरडीचा नेहमीचा रंग बघून ठेवलात तर फारच उत्तम.

रोज दोनदा जखम बघणं

सकाळी एकदा, रात्री एकदा. उजेड चांगला हवा आणि शक्यतो जागा तीच. कुत्र्याला उताणं पाडायची गरज नाही. कुशीवर झोपवून मागचा पाय हलकेच वर केला की दिसतं. एकाने तोंडाशी खाऊ धरायचा, दुसऱ्याने बघायचं. हात धुतलेले असावेत, तरी जखमेला स्पर्श करायचा नाही. रोज एक फोटो काढा. काल आणि आज यांच्यातला फरक डोळ्यांना आठवत नाही, फोटोत लगेच दिसतो, आणि डॉक्टरांना फोन केलात तर तेच फोटो पाठवता येतात.

चांगली जखम अशी दिसते: दोन्ही कडा एकमेकींना भिडलेल्या, मध्ये फट नाही, रेघ गुलाबी किंवा किंचित लालसर आणि जराशी उंचावलेली. पहिल्या चोवीस तासांत रक्ताचा अंश असलेल्या पातळ पाण्याचे एक-दोन थेंब दिसले तर चालतात. नंतर जखम कोरडी हवी. काळं-निळं पडणं ऑपरेशनच्या दिवसापेक्षा दुसऱ्या दिवशी जास्त दिसतं आणि गोऱ्या कातडीच्या कुत्र्यात तर भीती वाटावी इतकं ठळक असतं. त्याचा रंग जांभळ्यावरून हिरवट, मग पिवळसर होत आठवड्याभरात मावळला पाहिजे. डाग मोठा होत चालला तर मात्र डॉक्टरांना कळवा.

आठवड्याच्या सुमाराला रेघेखाली कडक दोरीसारखी उंची हाताला लागू शकते. आतले टाके आणि नव्याने तयार झालेले तंतू यांची ती गाठ असते. दुखत नसेल, वाढत नसेल, तर टाके विरघळतील तशी ती बसते. मादीमध्ये कधीकधी जखमेखाली पाण्याने भरलेली मऊ, न दुखणारी फुगवटी येते. तिला सिरोमा म्हणतात. जास्त हालचालीमुळे थर एकमेकांवर घासले आणि मधल्या पोकळीत पाणी साचलं की ती होते. बहुतेक वेळा दोन ते चार आठवड्यांत शरीर ते पाणी शोषून घेतं. सुई टोचून पाणी काढायचा प्रयत्न घरी कधीही करू नका, त्याने स्वच्छ पोकळीत जंतू जातात. डॉक्टरांना एकदा दाखवा मात्र, कारण आतला थर सुटून येणारा हर्निया वरून अगदी तसाच दिसतो. दोन्हींतला फरक हाताने तपासून डॉक्टरच सांगू शकतात.

नरात पिशवी थोडी सुजणं अपेक्षित आहे. पहिले दोन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फाचा पॅक दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा धरला तर सूज आटोक्यात राहते. कुत्रा धरू देत असेल तरच. झटापट करून शेकण्यापेक्षा न शेकलेलं बरं. पिशवी एकाएकी टणक, तणलेली, गडद जांभळी झाली आणि चेंडूसारखी फुगली तर आत रक्त साचतंय असं समजून त्याच दिवशी दाखवा. पळापळ आणि चाटणं ही त्याची नेहमीची कारणं.

बघता बघता वासही घ्या. नीट भरणाऱ्या जखमेला वास येत नाही. संसर्ग झाला की दिसायच्या आधी कधीकधी तो नाकाला कळतो.

चाटू न देणं

या लेखातला एकच भाग लक्षात ठेवायचा असेल तर तो हा ठेवा. नसबंदीच्या टाक्यांचं जे काही बिघडतं, त्यात चाटणं आणि उड्या ही दोन कारणं पुन्हा पुन्हा समोर येतात.

कुत्र्याची लाळ औषधी असते ही समजूत खूप जुनी आहे. लाळेत जंतूंना थोडा विरोध करणारे घटक असतात हे खरं. पण त्याच तोंडात असंख्य जंतूही असतात, जीभ खरखरीत असते आणि सतत ओली राहिलेली कातडी फुगून मऊ पडते. चाटून झालं की पुढचे बारीक दात कामाला लागतात. दोऱ्याचं एक टोक दाताला लागलं की सगळी ओळ उसवायला काही मिनिटं पुरतात. शिवाय जखम भरताना खाज सुटते, साधारण पाचव्या दिवसापासून. पहिले चार दिवस जखमेकडे ढुंकूनही न बघितलेला कुत्रा तेव्हा अचानक तिकडे वळतो. "आमचा चाटत नाही" म्हणून कॉलर काढायची वेळ आणि खाज सुरू व्हायची वेळ नेमकी एकच असते.

म्हणून गळ्यातला प्लास्टिकचा शंकू, ज्याला सगळे ई-कॉलर म्हणतात, तो दहा ते चौदा दिवस, रात्रंदिवस. माप असं बघायचं: गळ्याशी दोन बोटं सरकली पाहिजेत आणि कडा नाकाच्या टोकापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर पुढे आली पाहिजे. मग कुत्र्याला आडवं पडू द्या आणि जांघेपर्यंत तोंड पोचतंय का ते स्वतः बघा. पोचत असेल तर मोठं माप आणा. हवा भरलेली गोल कॉलर दिसायला सुखाची असते, पण लवचीक किंवा लांब अंगाचा कुत्रा तिच्यावरून मान वाकवून जांघेपर्यंत सहज पोचतो. मला ती या ऑपरेशनसाठी भरवशाची वाटत नाही.

अंगात घालायचा कापडी सूट मादीच्या पोटाच्या जखमेला चांगला उपयोगी पडतो. मात्र काही कुत्रे कापडावरूनच चाटत बसतात, म्हणून जखमेवरचा भाग ओलसर लागतोय का ते दिवसातून अनेकदा हाताने बघा. ओला दिसला की सूट बदला आणि वर कॉलरही घाला. नराचा सूट लघवीने भिजतो, त्यामुळे त्याला कॉलरच सोयीची.

पहिल्या दिवशी कॉलर घातल्यावर कुत्रा पुतळ्यासारखा उभा राहील, मागे मागे चालेल, दाराच्या चौकटीला धडकेल. ते बघवत नाही. पण दया येऊन काढू नका. बहुतेक कुत्रे एक-दोन दिवसांत सरावतात, अट एवढीच की कॉलर सतत राहिली पाहिजे. घालणं-काढणं चालू ठेवलं तर दर वेळी नवा झगडा होतो. दारातून जाताना हाताने वाट दाखवा, वाटेतलं सामान बाजूला करा. जेवणाचं भांडं लहान तोंडाचं घ्या आणि जरा उंचावर ठेवा, म्हणजे कॉलरची कड भांड्याच्या बाहेरून बसते. तरी जेवत नसेल तर जेवणापुरती कॉलर काढा, शेजारी बसून राहा आणि शेवटचा घास संपताच पुन्हा घाला. फोन आला म्हणून उठायचं नाही. कॉलर रोज पुसा आणि गळ्याखाली कातडी सोलवटली नाही ना ते बघा.

घरात दुसरा कुत्रा असेल तर तोही प्रेमाने जखम चाटायला येतो. याच्या गळ्यातली कॉलर त्याला अडवू शकत नाही, म्हणून दोघांना वेगळं झोपवा.

धावपळ थांबवणं

सू-शीसाठी नेताना पट्टा हवाच, घरच्या अंगणातसुद्धा. मोकळं सोडलं की पक्षी दिसतो, आणि मग त्याला टाके आठवत नाहीत. एका वेळी पाच-दहा मिनिटं, हळू चालीने. दिवसातून तीन-चार छोट्या फेऱ्या एका लांब फेरीपेक्षा बऱ्या. पळणं, पोहणं, दुसऱ्या कुत्र्यांशी कुस्ती, चेंडू, सोफा, पलंग हे सगळं दोन आठवडे बंद. जिने शक्य तितके टाळा. टाळता येत नसतील तर छोट्या कुत्र्याला उचला, मोठ्याला पट्टा आखूड धरून एकेक पायरी चढवा-उतरवा. गुळगुळीत फरशीवर मागचे पाय फाकतात आणि जांघेला ओढ बसते, म्हणून चालायच्या वाटेवर चटया टाका.

तरुण कुत्र्याला शांत ठेवणं हेच या दोन आठवड्यांतलं सगळ्यात अवघड काम आहे. त्याला पिंजऱ्याची सवय असेल तर प्रश्न अर्धा सुटतो. नसेल तर खोलीचा छोटा कोपरा अडवून द्या, जिथे वर चढण्यासारखं काही नाही. मग त्याचं डोकं दमवायचं. नेहमीचं खाणं भांड्यात न देता टॉवेलच्या घड्यांत लपवून हुंगून शोधायला लावा. तोंड मोकळं लागेल म्हणून हे खेळ कॉलर काढून आणि तुमच्या नजरेखालीच. पोकळ रबरी खेळण्यात मऊ खाणं भरून ते गोठवून दिलं तर तो बराच वेळ एका जागी बसतो. "बस", "थांब", "इकडे बघ" असे शांत धडे पाच-पाच मिनिटं घ्या. नाकाचं काम आणि डोक्याचं काम कुत्र्याला चालण्याइतकंच थकवतं. दाराची घंटा वाजली की तो झेपावत असेल तर पाहुण्यांना आधी फोन करायला सांगा.

एवढं करूनही तो भिंतींवर चढत असेल तर डॉक्टरांना तसं सांगा. या दिवसांपुरती शांत ठेवणारी औषधं असतात आणि ती मागण्यात काही कमीपणा नाही. टाके फाटून पुन्हा भूल देण्यापेक्षा ते कितीतरी सुरक्षित आहे.

जखमेला काय लावायचं

काही नाही. हे उत्तर लोकांना पटत नाही, पण टाके घातलेल्या स्वच्छ जखमेला मलम, पावडर, तेल, घरगुती लेप, स्पिरिट यातलं काही लागत नाही. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड जंतूंबरोबर नव्याने वाढणाऱ्या पेशीही जाळतात. मलमाने कडा ओल्या राहतात आणि त्याच्या वासाने कुत्रा चाटायला वळतो. माणसांची काही मलमं पोटात गेली तर कुत्र्याला विषारी ठरतात, झिंक ऑक्साइड असलेली त्यातलीच. जखमेच्या आजूबाजूला वाळलेलं रक्त असेल तर उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून पिळलेल्या स्वच्छ गॉजने ते टिपून घ्या. रेघेवरची खपली मात्र काढू नका.

टाके निघेपर्यंत आंघोळ नाही. पाय मळले तर ओल्या फडक्याने पुसायचे. ओल्या गवतात बसू द्यायचं नाही. अंथरुणावरची चादर रोज बदला. जखमेवर माश्या बसू देऊ नका, त्यांनी अंडी घातली तर अळ्या पडतात. कुत्रा घरातच राहिला तर हा धोका जवळजवळ उरत नाही.

औषधं

डॉक्टरांनी दिलेलं वेदनाशामक, बहुधा मेलॉक्सिकॅम किंवा कार्प्रोफेन, सांगितलेल्या वेळी, सांगितलेल्या मात्रेत आणि खाण्यासोबत द्या. "दुखत नाहीये असं वाटतं" म्हणून बंद करू नका. कुत्रे दुखणं लपवतात. पाठ कमानीसारखी करून उभं राहणं, बसताना घुटमळणं, विश्रांतीत असतानाही धापा टाकणं, एका कोपऱ्यात तोंड करून राहणं ही दुखण्याचीच भाषा आहे. औषध चालू असताना वारंवार उलट्या, जुलाब किंवा डांबरासारखी काळी शी झाली तर पुढचा डोस थांबवून लगेच फोन करा. तो आधीपासून स्टेरॉइडवर असेल तर ऑपरेशनआधीच सांगायला हवं, कारण ही दोन औषधं एकत्र देत नाहीत.

तुमच्या औषधांच्या डब्यातली एकही गोळी त्याला देऊ नका. आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, डायक्लोफिनॅक कुत्र्याच्या पोटात व्रण करतात आणि मूत्रपिंडं निकामी करू शकतात. पॅरासिटामॉल यकृताला आणि रक्ताला घातक ठरू शकतं. एक गोळीने काय होतंय, असं म्हणू नका. लहान चणीच्या कुत्र्याला एक गोळीही भारी पडते.

जंतूंविरुद्धची औषधं दिली असतील तर पूर्ण कोर्स करा. दिली नसतील तर मागू नका. निर्जंतुक पद्धतीने झालेल्या साध्या नसबंदीला ती अनेकदा लागतच नाहीत.

डॉक्टरांना कधी गाठायचं

त्याच दिवशी फोन करण्याजोग्या गोष्टी: लालसरपणा रोज पसरत जाणं, जखम गरम लागणं, पिवळा-हिरवा घट्ट स्राव, वास, एखादा टाका सुटून पडलेली बारीक फट, ऑपरेशननंतरच्या दिवसानंतरही कुत्रा न जेवणं, आणि ताप. संसर्गाची लक्षणं सहसा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी डोकं वर काढतात. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 37.5 ते 39.2 अंश सेल्सिअस, म्हणजे 99.5 ते 102.5 फॅरनहाइट असतं, माणसापेक्षा जास्त. त्यामुळे नुसत्या हाताला गरम लागण्यावरून ताप ठरवू नका. गुदद्वारात घालायचा डिजिटल थर्मामीटर ठेवा. 103 फॅरनहाइटच्या वर गेलं की डॉक्टरांना कळवायचं.

लगेच उठून न्यायची वेळ:

- हिरड्या फिक्या किंवा पांढऱ्या पडल्या, कुत्रा लुळा पडतोय, उठत नाही
- पोट फुगत चाललंय आणि श्वास जोरजोरात चालू आहे
- जखमेतून रक्त सलग ठिबकतंय आणि स्वच्छ कापडाने पाच मिनिटं दाबूनही थांबत नाही
- चोवीस तासांत एकदाही लघवी झालेली नाही
- जखम उघडली आहे आणि आतलं काही बाहेर डोकावतंय

शेवटच्या प्रसंगात चरबीचा गुलाबी-पांढरा पुंजका किंवा आतडं दिसू शकतं. ते आत ढकलू नका, औषध लावू नका. स्वच्छ कापड सलाइनने किंवा उकळून गार केलेल्या पाण्याने भिजवून त्यावर ठेवा, वरून सैल टॉवेल गुंडाळा, कॉलर गळ्यात ठेवा आणि निघा. वाटेत कुणीतरी दवाखान्यात फोन करावा, म्हणजे तिकडे तयारी सुरू होते. वेळेत पोचलेले कुत्रे यातून वाचतात.

टाके निघाल्यावर

टाके दहाव्या ते चौदाव्या दिवशी काढतात. त्याला भूल लागत नाही, मिनिटा-दोन मिनिटांचं काम असतं. जखम छान दिसते म्हणून घरी कात्रीने कापायला बसू नका. आतले टाके विरघळणारे असतील तरी एकदा दाखवून यायलाच हवं. कातडीतून दोऱ्याचं बारीक टोक बाहेर आलेलं दिसलं तर ओढू नका, डॉक्टर ते बुडाशी कापून टाकतात.

टाके काढल्यावरची बारीक छिद्रं खाजतात. म्हणून कॉलर आणखी एक दिवस राहू द्या आणि आंघोळ दोन-तीन दिवस पुढे ढकला. धावणं-खेळणं एका आठवड्यात टप्प्याटप्प्याने वाढवत न्या: आधी लांब चालणं, मग मोकळं सोडणं, दांडगाई सगळ्यात शेवटी. काढलेले केस परत यायला काही आठवडे ते काही महिने लागतात.

नर कुत्र्याच्या बाबतीत एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. ऑपरेशन झालं तरी नळ्यांमध्ये उरलेल्या शुक्राणूंमुळे काही आठवडे त्याच्यापासून मादीला गर्भ राहू शकतो. माजावर आलेल्या मादीपासून त्याला किमान सहा आठवडे लांब ठेवा. वासाने अस्वस्थ होणं, चढायला जाणं हेही एका दिवसात थांबत नाही, संप्रेरकं ओसरायला वेळ लागतो.

आणि खाणं. नसबंदीनंतर कुत्र्याची ऊर्जेची गरज साधारण 20 ते 30 टक्क्यांनी कमी होते, भूक मात्र वाढते. टाके निघाले की रोजचं माप डॉक्टरांना विचारून कमी करा आणि दर महिन्याला वजन करा. छातीवरून हात फिरवताना न दाबता फासळ्या लागल्या पाहिजेत. शोधाव्या लागत असतील तर माप अजून जास्त आहे.